ग्रहांची भीती घालवायची असेल तर एकदा गच्चीवर या

७ सप्टेंबर २०२५ ची रात्र. अनंत चतुर्दशीचा दणदणाट आदल्या दिवशीच संपला होता. भाद्रपद पौर्णिमेचा चंद्र वर आला होता आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. ढग येत-जात होते. आम्ही वस्तीतल्या अभ्यासिकेच्या गच्चीवर एक बायनॉक्युलर, दोन चटया आणि पंधरा-वीस मुले घेऊन बसलो होतो.

खाली तिसऱ्या गल्लीत सातव्या महिन्यातली एक सून दारे-खिडक्या लावून खोलीत बसली होती. दुपारी वेध लागल्यापासून पोटात अन्न नव्हते आणि संध्याकाळपासून पाण्याचा घोटही नव्हता. सुरीला हात लावायचा नाही, पाय दुमडून बसायचे नाही, झोपायचे नाही. घरात भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. तरीही ग्रहणाची भीती घरातून गेलेली नाही. आम्ही समजावायला गेलो तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमचं सायन्स खरं असंल. पण माझ्या लेकीच्या पहिल्या पोराचा ओठ फाटका निघाला. सगळ्यांनी तिलाच बोल लावला, ग्रहणात भाजी चिरली म्हणून. आता सुनेचं तसं झालं तर मी कोणाच्या तोंडाकडं बघू?"

या प्रश्नापुढे 'अंधश्रद्धा' हा शब्द उच्चारण्यात अर्थ नव्हता. त्या बाईंच्या भीतीला कारण होते. ते चुकीचे होते, पण एका लेकीच्या आयुष्याने पक्के झालेले होते. आम्ही एवढेच म्हणालो, "मावशी, बाकी तुमचं तुम्ही बघा, पण तिला पाणी तेवढं द्या." पाणी त्यांनी दिले.

रात्री सव्वाअकराच्या सुमारास मावशी नातवाला शोधत गच्चीवर आल्या. तेव्हा चंद्र पूर्ण सावलीत होता. नातवाने बायनॉक्युलर त्यांच्या हातात दिले. मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा तर तांब्याच्या ताटासारखा दिसतोय. गिळला कुठं कोणी?"

तेव्हापासून आम्ही ठरवले की आकाशाबद्दल आधी बोलायचे नाही, आधी दाखवायचे. या लेखात आम्ही तेच करणार आहोत. चंद्र आणि ग्रह कसे पाहायचे, काय पाहायचे आणि त्यासाठी काय लागते, हे आमच्या गच्चीवरच्या अनुभवातून सांगत आहोत.

शहराचे आकाशही पुरेसे आहे

आकाश पाहायचे तर गावाबाहेर, काळोखात जायला हवे, असा समज आहे. आकाशगंगा किंवा अंधूक तारकागुच्छ पाहायचे असतील तर ते खरे आहे. पण चंद्र आणि पाच ग्रह (बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी) इतके तेजस्वी आहेत की रस्त्यावरच्या दिव्यांच्या झगमगाटातही ते दिसतात. हजारो वर्षे माणसाने हे पाचही ग्रह नुसत्या डोळ्यांनीच ओळखले. दुर्बीण लागली ती पुढच्या दोघांना. युरेनस १७८१ मध्ये सापडला आणि नेपच्यून १८४६ मध्ये.

म्हणजे ज्याच्याकडे गच्ची आहे, गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागा आहे किंवा खिडकीतून थोडे आकाश दिसते, त्याच्याकडे सुरुवात करण्याइतके सगळे आहे. पावसाळ्याचे चार महिने ढगांमुळे वाया जातात. ऑक्टोबर ते मे हा आपला हंगाम.

चंद्र : पौर्णिमेपेक्षा अष्टमीला या

सुरुवात चंद्रापासून करावी. तो सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. तिथला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तो रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असतेच, तेवढ्यावर चंद्र कधी आणि कुठे दिसेल हे कळते. शुक्ल पक्षातल्या बीज-तृतीयेला सूर्य मावळल्यावर पश्चिमेला कोर दिसते, अष्टमीला संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्याच्या आसपास असतो आणि पौर्णिमेला सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवतो.

आपल्याकडे पौर्णिमेला विहारात लोक जमतात, त्यामुळे चंद्राकडे लक्षही तेव्हाच जाते. पण चंद्राचे विवर आणि डोंगर पाहायला पौर्णिमा हा सर्वांत वाईट दिवस. त्या रात्री सूर्याचा प्रकाश चंद्रावर समोरून पडतो आणि सावल्याच उरत नाहीत. दुपारी बाराच्या उन्हात काढलेल्या फोटोत चेहरा सपाट दिसतो, तसेच हे. अष्टमीला प्रकाश बाजूने येतो. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर सावल्या लांब पडतात आणि विवरांच्या कडा उठून दिसतात. जुन्या परंपरेत उपोसथ अष्टमीलाही असे. तेव्हा पौर्णिमेबरोबर अष्टमीचीही एक संध्याकाळ गच्चीवर ठेवायला हरकत नाही.

काय काय पाहावे?

बीज-तृतीयेला कोरीच्या आत उरलेला चंद्र फिकट राखाडी दिसतो. तो उजेड पृथ्वीचा. सूर्याचा प्रकाश आपल्या ढगांवरून आणि समुद्रांवरून चंद्रावर जातो आणि तिथून परत आपल्या डोळ्यांत येतो.

अष्टमीच्या आसपास सीमारेषेवरून बायनॉक्युलर हळूहळू वरून खाली न्यावे. दक्षिणेकडचा भाग विवरांनी खच्चून भरलेला दिसतो. नवमी-दशमीला कोपर्निकस नावाचे विवर उजेडात येते. ते सुमारे ९३ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे मुंबई-पुणे सरळ अंतराच्या साधारण पाऊणपट. एवढा खड्डा आपल्याला ठिपक्याएवढा दिसतो, यावरून चंद्राच्या अंतराचा अंदाज मुलांना आपोआप येतो.

पौर्णिमेलाही पाहण्यासारखे आहेच. दक्षिणेकडच्या टायको विवरापासून पांढरे पट्टे चहूकडे फाकलेले दिसतात. आघातात उडालेल्या मालाच्या त्या खुणा आहेत. आणि चंद्रावरचा ससा पौर्णिमेलाच पूर्ण दिसतो. ससजातकाने या सशाची गोष्ट सांगितली आहे. आज आपल्याला माहीत आहे की ते काळे डाग म्हणजे थिजलेल्या लाव्हाची विस्तीर्ण मैदाने आहेत. सशाचे डोके म्हणून जो भाग दाखवतात, तो शांततेचा समुद्र. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ तिथेच उतरले. आपले चांद्रयान ३ मात्र २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरले. मुलांना दोन्ही जागा बोटाने दाखवता येतात. गोष्ट आणि माहिती एकाच चंद्रावर सुखाने नांदतात, हे आम्ही गच्चीवर पाहिले आहे.

एक छोटा प्रयोगही करून पाहा. उगवता चंद्र परातीएवढा मोठा वाटतो. तेव्हा हात पूर्ण लांब करून करंगळीच्या नखाआड तो झाकून पाहा. मग दोन-तीन तासांनी, चंद्र वर आल्यावर, पुन्हा तसेच करा. दोन्ही वेळा नखाआड तो सारखाच मावतो. आपले डोळे आपल्याला फसवतात, आणि ती फसवणूक आपली आपल्यालाच पकडता येते. बारा वर्षांच्या पोराला हे कळले की तो पुढे कोणतीही गोष्ट नुसती ऐकून घेत नाही.

ग्रह कसे ओळखायचे?

पहिली खूण म्हणजे तारे लुकलुकतात, ग्रह सहसा स्थिर उजेड देतात. दुसरी खूण, ग्रह आकाशात कुठेही भेटत नाहीत. सूर्य आणि चंद्र ज्या वाटेने जातात, त्याच वाटेच्या आसपास ते असतात. म्हणून पाच-सहा रात्री चंद्राचा मार्ग पाहिला की ग्रहांची वाट आपोआप कळते. मोबाइलवर 'स्टेलॅरियम'सारखे अ‍ॅप असेल तर ओळख पटवणे सोपे जाते.

शुक्र सर्वांत तेजस्वी. त्याला आपण शुक्राची चांदणी म्हणतो. तो सूर्याच्या आसपासच राहतो, म्हणून एक तर संध्याकाळी पश्चिमेला दिसतो किंवा पहाटे पूर्वेला. मध्यरात्री माथ्यावर तो कधीच सापडणार नाही. लहान दुर्बिणीतून त्याच्याही चंद्रासारख्या कला दिसतात.

बुध अवघड. तो सूर्यापासून २८ अंशांपेक्षा लांब कधी जातच नाही. क्षितिजाशी इमारती असलेल्या शहरात तो सापडला, तर ती रात्र वहीत नोंदवून ठेवावी.

गुरू आमचा सर्वांत लाडका. जानेवारी २०२६ मध्ये तो पृथ्वीला सर्वांत जवळ होता. तेव्हाही त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ३५ मिनिटे लागत होती. आम्ही पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बायनॉक्युलर टेकवले. हात हलला नाही, तर गुरूच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके दिसतात. ते त्याचे चंद्र. मुलांनी पाच रात्री वहीत मधोमध गोळा काढून आजूबाजूला ठिपके मांडले. रोज चित्र वेगळे आले. कधी तीन ठिपके एका बाजूला, कधी दोन इकडे आणि दोन तिकडे. सर्वांत आतला आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो आणि सर्वांत बाहेरच्या कॅलिस्टोला जवळपास १७ दिवस लागतात. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने नेमके हेच केले होते. रोज ठिपके मांडले आणि आकाशातली प्रत्येक गोष्ट पृथ्वीभोवती फिरत नाही, हे त्याला दिसले. नववीतल्या एका मुलीने तिची पाच चित्रे पाहून विचारले, "म्हणजे हे कळायला त्याला पण एवढंच लागलं?" हो, एवढेच. एक साधी दुर्बीण, एक वही आणि रोज न चुकता पाहणे.

मंगळ तांबूस दिसतो, कारण त्याची माती गंजलेल्या लोखंडाची आहे. साधारण २६ महिन्यांनी तो जवळ येतो आणि चांगला तळपतो. आता तो १९ फेब्रुवारी २०२७ च्या आसपास उजळलेला दिसेल, आणि त्याच महिन्यात गुरूही जोरात असेल. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी या ग्रहाच्या कक्षेत पोहोचले.

शनी डोळ्यांना फिकट पिवळा तारा वाटतो. त्याची कडी बायनॉक्युलरमधून दिसत नाहीत, त्यासाठी ६०-७० मिलिमीटरची लहान दुर्बीण लागते. २०२५ मध्ये ती कडी आपल्याला जवळजवळ धारेवरून दिसत होती, म्हणजे नुसती रेघ. आता ती वर्षागणिक उघडत जातील. ऑक्टोबर २०२६ च्या सुरुवातीला शनी रात्रभर आकाशात असेल.

साडेसातीचा हिशोब

ज्या शनीला मुले "एवढुसा, पण किती गोड" म्हणतात, त्याच शनीच्या नावाने त्यांच्या घरात पैसे जातात. वस्तीतल्या एका भावाचे काम सुटले, तेव्हा त्याला साडेसाती सांगितली गेली. उसनवारीतून पूजा झाली. काम सुटण्याचे कारण ठेकेदाराने माणसे कमी केली, हे होते.

आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही, फक्त हिशोब मांडला. शनीला सूर्याभोवती फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी मिळून झाली साडेसात वर्षे. साडेसाती हा शब्द शनीच्या संथ चालीतून आला आहे. आता पुढे पाहा. कोणत्याही क्षणी बारापैकी तीन राशींना साडेसाती असते, म्हणजे ढोबळमानाने चारपैकी एका माणसाला. त्या ठेकेदाराने कमी केलेल्या माणसांत आणि ठेवलेल्या माणसांत साडेसातीवाले सारखेच निघतील.

मंगळाचेही तसेच. पत्रिकेतल्या बारा घरांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मुलगी 'कडक मंगळाची'. बारापैकी पाच घरे, म्हणजे शंभरातल्या चाळीसेक मुली. एवढ्या मुलींच्या लग्नात अडथळा आणायला तो लाल ठिपका कोट्यवधी किलोमीटरवरून काय करतो? कमीत कमी साडेपाच कोटी आणि जास्तीत जास्त चाळीस कोटी किलोमीटर, इतके त्याचे अंतर बदलते. पत्रिकेत मात्र तो जवळ असो की लांब, दोष तेवढाच.

ज्यांनी मंगळ डोळ्यांनी पाहिला आहे, त्यांना हा हिशोब लगेच पटतो. ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी मंगळ हे कागदावरचे एक घर असते, आणि कागदावरच्या घराची भीती घालणे सोपे असते.

ग्रहणात काय घडते?

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. म्हणून दर पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो. या दोन कक्षा जिथे एकमेकींना छेदतात, त्या दोन बिंदूंना राहू आणि केतू ही नावे आहेत. पौर्णिमा अशा बिंदूपाशी आली की चंद्र सावलीत शिरतो. ग्रहण म्हणजे सावली, हे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्येच लिहून ठेवले होते. सावलीत चंद्र पूर्ण काळा होत नाही. पृथ्वीच्या हवेतून वळलेला लालसर प्रकाश त्याच्यावर पडतो, म्हणून मावशींना तो तांब्याचा दिसला.

चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी, कितीही वेळ, कोणीही पाहावे. गरोदर बाईनेही. आणि फाटक्या ओठाचे म्हणाल, तर बाळाचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात घडतो. अनेकदा तेव्हा बाईला दिवस गेल्याचेही नुकतेच कळलेले असते. सातव्या महिन्यात तो केव्हाच घडून झालेला असतो. आनुवंशिकता, काही औषधे, तंबाखू अशी त्याची कारणे सांगितली जातात, आणि पुष्कळदा एकच एक कारण सांगता येत नाही. कारण काहीही असो, ओठ शस्त्रक्रियेने नीट होतो. मावशींच्या लेकीने भाजी चिरली म्हणून काही झाले नव्हते. इतकी वर्षे तिने जो बोल ऐकला, तो फुकट ऐकला.

सूर्याची गोष्ट मात्र वेगळी. सूर्याकडे, ग्रहण असो वा नसो, थेट पाहू नये. बायनॉक्युलर किंवा दुर्बिणीतून तर कधीच नाही, एका क्षणात डोळा जाऊ शकतो. संध्याकाळी ग्रह शोधतानासुद्धा सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बायनॉक्युलर डोळ्याला लावू नये. सूर्यग्रहणासाठी खात्रीचे सौर चष्मेच हवेत. एक्स-रे, काळी काच, गॉगल चालत नाहीत.

सुरुवात कशी करावी?

पहिले तीन महिने काहीही विकत घेऊ नका. वही, पेन्सिल आणि डोळे पुरे. त्यानंतर काही हजार रुपयांत मिळणारे दहा बाय पन्नासचे बायनॉक्युलर घ्यावे, म्हणजे दहापट मोठे दाखवणारे आणि ५० मिलिमीटर भिंगाचे. चार घरांनी मिळून घेतले तर भार पडत नाही. 'पाचशेपट मोठे दाखवते' असे लिहिलेल्या खेळण्यातल्या दुर्बिणी टाळाव्यात. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईत खगोल मंडळ हौशी आकाशनिरीक्षकांसाठी काम करतात. मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ पासून आहे. मुलांना एकदा तरी तिथे न्यावे.

आणखी एक गोष्ट. आमच्या गच्चीवर सुरुवातीला फक्त मुलगे येत. रात्री मुलीला बाहेर कोण सोडणार? मग आम्ही वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ ठेवली, आयांनाही बोलावले आणि परत जाताना सगळ्यांनी एकत्र जायचे, असा नियम केला. आता वहीत ठिपके मांडणाऱ्यांत मुली जास्त आहेत. रात्रीचे आकाश बायकांनाही मिळायला हवे असेल, तर आधी रात्रीची गल्ली मिळायला हवी. हे काम दुर्बिणीचे नाही, आपले आहे.

मावशींच्या सुनेला नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मावशी म्हणाल्या, "बघा, पाळलं म्हणून नीट झालं." आम्ही म्हणालो, "मावशी, पण पाणी पाजलं होतं की." त्या हसल्या. खरे तर एका बाळावरून इकडचे किंवा तिकडचे काहीच सिद्ध होत नाही, हेही आम्ही त्यांना सांगितले. त्यांना ते पटले की नाही, माहीत नाही.

पण जानेवारीत गुरू पाहायला त्या नातीला पदराखाली घेऊन गच्चीवर आल्या, सोबत सूनही होती. सुनेने पहिल्यांदाच बायनॉक्युलर हातात घेतले, कठड्यावर टेकवले आणि मोजले, "तीनच दिसतायत." चौथा गुरूच्या मागे होता की पुढे, ते ठरवायला ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पुढचे खग्रास चंद्रग्रहण आपल्याकडून ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री दिसेल. वर्षाची शेवटची रात्र आहे, लोक तसेही गच्चीवर असतील. त्या रात्री आपल्या गल्लीतली एकही बाई दार लावून बसलेली नसावी, एवढी तयारी करायला आपल्याकडे वेळ आहे. सुरुवात येत्या अष्टमीला करू.